सुनेच्या वतीनं

राजवर्धन साहेबाची बायको दारात येऊन उभी राहिली तेव्हा शकुबाई जमिनीवर फतकल मारून लसूण सोलत होती. बाई देखणी, अंगावर ठसठशीत काठाची साडी, हातात रुमालानं झाकलेलं भलंमोठं ताट. मागं तिची बहीण, हातात मोबाइल. कोपरखैरण्याच्या माथाडी वसाहतीतल्या त्या अरुंद गल्लीत एवढी नटलेली बाई आली की समोरच्या चार खिडक्या आपोआप उघडतात. तशा त्या उघडल्याच होत्या. शकुबाईला ते बरं वाटलं. बघू देत.

"मावशी, मी गीतांजली. साहेबांची मिसेस," ती म्हणाली. "मंजुषाची ओटी भरायला आलेय."

शकुबाईनं लसणाची परडी बाजूला सारली. ज्या माणसानं तिच्या सुनेच्या अंगाला हात लावला, त्यानं आज स्वतःच्या बायकोच्या हाती ताट देऊन तिला दारात उभी केली होती. म्हणजे आला नाक मुठीत धरून. दुसरं काय?

मंजुषा आगीच्या बंबावर नोकरीला होती. महाप्याला कारखान्यांची वसाहत पसरलेली, आणि तिथल्या एका कारखानदार संघाचं स्वतःचं फायर स्टेशन होतं. तिथं चार बायका घेतल्या, त्यात ही. बाकीच्या तिघी सोडून गेल्या, कारण तिथं कपडे बदलायलासुद्धा धड खोली नव्हती. मंजुषा टिकली. शकुबाई हळदीकुंकवाला मुद्दाम विषय काढायची. "तुमच्या सुना गॅस पेटवत्यात. माझी विझवती." बायका हसायच्या आणि मनातून जळायच्या, दोन्ही शकुबाईला चालायचं.

राजवर्धन साहेब त्या स्टेशनचा मुख्य. पाटण तालुक्यातला, शकुबाईच्या माहेरापासून दोन डोंगर पलीकडचा. तालुक्याचा म्हणजे आपला, या हिशेबानं तिनं त्याला दिवाळीला चकल्याही धाडल्या होत्या. चकल्या खाऊन त्यानं काय पांग फेडले ते पुढं कळलं.

धुरात शिरायच्या आधी फायरमन पाठीवर हवेचा सिलिंडर चढवतात. त्याचे पट्टे नीट आवळलेत का, तोंडावरचा मास्क बसलाय का, हे आपलं आपण बघायचं नसतं, जोडीदारानं बघायचं असतं. एकानं दुसऱ्याचे पट्टे ओढून पाहायचे, दुसऱ्यानं पहिल्याचे. तो हात लागल्याशिवाय कुणी आत जात नाही. मंजुषाचा जोडीदार मितेश पाटील, दिघ्याचा आगरी पोरगा, पट्टा असा खेचायचा की जणू बैलाला जुंपतोय. त्याचं कधी काही वाटलं नाही. पण साहेब मधे पडायला लागला. "तू हो बाजूला, मी बघतो." आधी कमरेचा पट्टा, मग छातीवरचा. चुटकीसरशी होणाऱ्या कामाला वेळ लागायला लागला. मग ड्युटी संपल्यावर मोबाइलवर नको ते मेसेज. एक दिवस मंजुषानं सगळ्यांदेखत त्याचा हात बाजूला केला आणि म्हणाली, "सर, माझे पट्टे माझा जोडीदार बघेल."

झालं. त्या दिवसापासून ती साहेबाच्या डोळ्यांत कुसळासारखी सलायला लागली. शिडीवर दुसरा, बंबावर दुसरा, हिला झाडू मारायला सांग, हिची सुट्टी फिरव. शेवटी तिनं संघाच्या तक्रार समितीकडं लेखी तक्रार दिली. बायकांना कामाच्या जागी असा त्रास झाला तर ऐकायला अशी समिती ठेवावी लागते, कायदाच तसा आहे. समिती कायद्यात होती आणि साहेब स्टेशनात होता. तक्रार गेली त्याच्या पुढच्याच आठवड्यात स्टेशनातल्या गड्यांनी तिच्या पट्ट्यांना हात लावणं सोडलं. "नको बाबा, उद्या आमच्यावर पण केस." आणि साहेबानं दोन्ही हात वर केले. पट्टे तपासलेले नसतील तर बाईला धुरात कसं पाठवू? नियम आहे. बसवली तिला फोनच्या खोलीत. आगीचा फोन आला की घंटा वाजवायची, बाकीचे पळत सुटायचे, ही तिथंच. एकटा मितेश तेवढा म्हणाला, "मी बघतो तिचं पट्टं, मना कोन काय करनार हाय?" शिवाय त्यानं समितीपुढं जे पाहिलं ते सांगितलं. तर त्याला उचलून संघाच्याच दुसऱ्या स्टेशनात भिजलेले पाइप वाळवायच्या कामाला टाकलं.

हे सगळं शकुबाईला ठाऊक होतं. म्हणूनच ताट बघून तिची छाती फुगली.

मंजुषा नुकतीच ड्युटीवरून येऊन तोंड धूत होती. ती ओल्या तोंडानं बाहेर आली आणि दारातल्या बाईला बघून थबकली.

"आई, नको."

"काय नको?"

"ओटी नको. तक्रार चालू आहे. ह्यांनी असं घरी यायचं नसतं."

"दारात आल्याली ओटी माघारी धाडत न्हाईत. बस पाटावर."

"आई, मी नको म्हणतेय ना."

"आगं, ती काय तिच्या मनानं आलीय व्हय? त्यानं नाक घासलंय. घे वढणी पुढं." मग गीतांजलीकडं वळून शकुबाई म्हणाली, "दमून आलीय, म्हणून जरा. भर तू."

मंजुषा बसली. सासूच्या मागं चार खिडक्या उघड्या होत्या आणि त्या चार खिडक्यांपुढं सासूचा शब्द खाली पाडायचा तिचा रिवाज नव्हता. तिनं ओढणीचं टोक पसरलं. गीतांजलीनं तांदूळ घातले, खण घातला, नारळ घातला, वर साडी. तिचे डोळे सुजलेले होते, ते कुंकू लावताना शकुबाईनं पाहिलं आणि तिला त्या पोरीची कीवही आली. बहिणीचा मोबाइल चालू होता. शकुबाई पदर सारखा करून सुनेच्या शेजारी बसली आणि म्हणाली, "माझा बी फोटू येऊ दे."

निघताना गीतांजलीनं मंजुषाकडं बघून विचारलं, "मग मिटलं ना?"

मंजुषानं तोंड उघडलं. तेवढ्यात शकुबाई बोललीसुद्धा. "मिटलं. मिटलं म्हणून सांग साहेबाला."

त्या घराची ती रीतच होती. दूधवाल्यानं सुनेला विचारलं तरी उत्तर सासूनं द्यायचं, डॉक्टरनं विचारलं तरी सासूनं. डॉक्टरनं एकदा मंजुषाला विचारलं, "दुखतंय कुठं?" तर शकुबाईनं हिचा खांदा दाखवला होता, आणि दुखत होता गुडघा.

आठवडाभरानं मंजुषाच्या मोबाइलवर समितीकडून साहेबाचं उत्तर आलं. शिवतेज, शकुबाईचा लेक, कंपन्यांतले एसी दुरुस्त करायचा. त्यानं संध्याकाळी खाटेवर बसून ते मोठ्यानं वाचलं. दोन्ही कुटुंबं एकत्र बसली, ओटी भरली गेली, प्रकरण आपसांत मिटलं. सोबत फोटो आणि व्हिडिओ जोडला आहे. सबब तक्रार बंद करावी. मिटवूनही तक्रार चालू ठेवली तर ती आकसानं केलेली खोटी तक्रार समजून तक्रारदारावरच कारवाई करावी.

"व्हिडिओ?" शकुबाई म्हणाली.

शिवतेजनं लावला. त्यात ती स्वतः, पदर सारखा केलेला, तोंडभर हसत, "मिटलं म्हणून सांग साहेबाला." आवाज असा खणखणीत की गल्लीतल्या कुत्र्यानंही ऐकावा.

"आई, तू कशाला बोललीस?" शिवतेज म्हणाला.

"मला काय ठाऊक, फोटो काढताना बोलणं बी धरत्यात?"

भिंतीला टेकून बसलेला शहाजी, तिचा नवरा, वाशीच्या बाजारात जन्मभर कांद्याच्या गोण्या वाहून पाठीतून गेलेला माणूस, शांतपणे म्हणाला, "मोबाइल काय करंल? जे तोंडातनं गळतंय ते धरतोय."

"तुमी गप बसा."

"मी गपच हाय. इतकी वर्सं गपच हाय."

मंजुषानं सगळ्यांना भाकऱ्या वाढल्या, आमटी वाढली, भांडी घासली. आदळआपट नाही, रडणं नाही. शकुबाईला भांडण चाललं असतं, भांडणात ती पटाईत होती. या गप्प बसण्याला काय उत्तर द्यायचं ते तिला येत नव्हतं. तिनं दोनदा विषय काढला. पहिल्यांदा मंजुषा म्हणाली, "राहू दे, आई." दुसऱ्यांदा म्हणाली, "मी नको म्हटलं होतं." एवढंच. पण ते असं लागलं की शकुबाई कूस बदलून बदलून थकली.

बाजारातल्या माथाड्यांच्या युनियनच्या ऑफिसात अरुणाताई म्हणून एक वकीलबाई बसायच्या. शहाजीच्या पाठीच्या भरपाईचं त्यांनीच पाहिलं होतं. दोघी सासवासुना वाशीला त्यांच्यापुढं जाऊन बसल्या. अरुणाताईंनी व्हिडिओ पाहिला, चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"मावशी, असा समेट होत नाही," त्या म्हणाल्या. "समेट करायचा तर त्रास झालेल्या बाईनं स्वतः मागायचा असतो. तोही समितीपुढं, चौकशी सुरू व्हायच्या आधी. घरात पाटावर बसवून होत नाही."

"मग झालं की. फेटाळा म्हणावं."

"एवढं सोपं नाही. हे साहेबालाही ठाऊक आहे. त्याला समितीच्या मनात एवढंच भरवायचंय की हिनं राजीखुशीनं ओटी घेतली, माफ केलं, आणि आता मुद्दाम छळतेय. तसं समितीला पटलं तर पुढं हिचं एक वाक्य कुणी खरं मानणार नाही. म्हणून त्या दिवशी काय झालं ते तुम्हाला सांगावं लागेल."

"सांगीन की. मी काय भिते?"

"मी आत नसेन. अशा चौकशीत वकील चालत नाही. तुमचं तुम्हीच. तो समितीकरवी तुम्हाला विचारेल, सुनेवर जबरदस्ती केली का. काय सांगाल?"

"जबरदस्ती कसली? म्या सांगितलं, ती बसली."

"म्हणजे मर्जीनं बसली."

शकुबाईनं सुनेकडं पाहिलं. मंजुषा खिडकीतून खालच्या रस्त्याकडं बघत होती.

सरळ होतं. जबरदस्ती केली नाही म्हटलं तर सून खोटी. केली म्हटलं तर आपण सासुरवास करणारी. आणि सासुरवास हा शब्द शकुबाईला मिरचीसारखा झोंबत होता, कारण गल्लीत दुसऱ्याच्या घरातला सासुरवास मिटवायला तीच जायची. मागच्या वर्षी बायजाबाईनं सुनेला उपाशी ठेवलं तेव्हा हिनं तिच्या दारात उभं राहून सगळ्या गल्लीदेखत तिची सालटी काढली होती. "माझ्या घरात येऊन बघ, सून लेकीसारखी कशी ठेवत्यात." आता साहेबाचे चार गाववाले बाजारात होते. समितीत बोललेलं समितीतच राहायला हवं म्हणतात, पण पाटण तालुक्यात कुठली गोष्ट कधी कुठं राहिली आहे? इकडं शब्द पडला की बायजाबाईच्या कानात पोचलाच म्हणून समजा.

घरी येताना बसमध्ये ती मंजुषाला म्हणाली, "तूच सांग बाई, काय बोलू."

"मी कशाला सांगू? जे झालं ते बोला."

"तसं न्हवं. तुझ्या फायद्याचं काय?"

"जे झालं तेच."

चौकशीच्या दिवशी शकुबाई ठेवणीतलं नऊवारी नेसली. संघाचं ऑफिस काचेच्या इमारतीत, वरच्या मजल्यावर. एसी असा की अंगावर काटा यावा. मंजुषाला आधी आत बोलावलं. शकुबाई बाहेर खुर्चीवर. थोड्या वेळानं समोरच्या खुर्चीवर राजवर्धन साहेब येऊन बसला. इस्त्रीचा गणवेश, खांद्यावर फीत, हातात फाइल.

"नमस्कार मावशी," तो हसून म्हणाला. "ओटीची साडी आवडली का सूनबाईला?"

अरुणाताईंनी बजावून ठेवलं होतं, त्यानं काही विचारलं तरी बोलायचं नाही. शकुबाईच्या जिभेवर असे शब्द आले होते की त्याच्या सात पिढ्या उठून बसल्या असत्या. तिनं ते गिळले. गिळलेला शब्द पचत नाही, छातीतच बसतो. तिचे कान तापले.

"आपलीच माणसं आहोत आपण," तो पुढं म्हणाला. "पोरीला नोकरी करायचीय अजून. दहा-वीस वर्षं करायचीय. समजावा तिला."

शकुबाईनं खुर्ची फिरवून त्याच्याकडं पाठ केली. खुर्ची जड होती, फरशीवर कर्रकन वाजली. शिपाई धावत आला.

मग तिला आत बोलावलं. लांब टेबल. मधे अध्यक्षबाई, पांढऱ्या केसांच्या, संघाच्याच मोठ्या अधिकारी. एक तरुण माणूस लॅपटॉपवर लिहायला. कडेला बाहेरच्या संस्थेची एक म्हातारी बाई, सुती साडीतली. कोपऱ्यात मंजुषा. साहेब बाहेरच, पण त्याचे प्रश्न कागदावर लिहून अध्यक्षबाईंच्या हातात आलेले.

"ओटी तुमच्या घरी भरली, हे खरं?"

"खरं."

"मिटलं असं तुम्ही म्हणालात?"

"म्हणाले. व्हिडिओत हाय की. मी कशाला न्हाई म्हणू?"

"सुनेनं त्या वेळी नकार दिला होता?"

"दिला. दोनदा नको म्हणाली."

"तरी ओटी भरली गेली?"

"मीच बसवली. म्हणलं, बस. बसली."

अध्यक्षबाईंनी कागद जरा लांब धरला. पुढचा प्रश्न वाचायला त्यांनाच जड जात होतं, ते शकुबाईला दिसलं.

"म्हणजे तुम्ही सुनेवर जबरदस्ती करता, तिला सासुरवास करता, असं समजायचं का?"

लॅपटॉपवाल्याची बोटं थांबली. शकुबाईच्या डोळ्यांपुढं अख्खी गल्ली उभी राहिली, पहिल्या रांगेत बायजाबाई. तिनं सुनेकडं पाहिलं. मंजुषा जमिनीकडं बघत होती. तिनं काही मागितलं नव्हतं, आताही मागत नव्हती. मागितलं असतं तर शकुबाईनं उपकार केल्यासारखं दिलं असतं. न मागितलेलं द्यायचं म्हणजे जिवावर येतं.

"लिवा," शकुबाई म्हणाली. "सासुरवास केला म्हणून लिवा."

"आजी, नीट विचार करून..."

"आता काय इचार करायचा? ती नको म्हणत हुती. माझ्या घरात, माझ्या धाकानं बसली. तिच्या तोंडचा शबूद म्या काढून घेतला आन् मिटलं म्हणाले. मिटलं असं ती म्हणालीच न्हाई. ह्याला ज्याला जे म्हणायचं ते म्हणू दे."

तरुण माणसानं लिहिलं. टकटक आवाज बराच वेळ चालला. एवढंसं बोललं, त्याला एवढं काय लिहायचं, शकुबाईला कळेना.

पण साहेब काही कच्च्या गुरूचा चेला नव्हता. कागदावर अजून एक प्रश्न होता. तो त्यानं आधीच लिहून ठेवला होता, म्हणजे शकुबाई कुठल्याही बाजूनं गेली तरी खड्डा खणलेलाच. अध्यक्षबाईंनी वाचला. "घरात सासुरवास असल्यानं सुनेचं मन ठिकाणावर नव्हतं, आणि त्या तणावातून तिनं माझ्यावर आरोप केले, हे खरं आहे का?"

शकुबाईला आधी उमगलंच नाही. मग उमगलं आणि तिच्या अंगाचा तिळपापड झाला. आता आपणच लाकूड तोडून दिलं आणि त्यानं त्याचा दांडा घातला कुऱ्हाडीला.

"आवं, त्यो मुडदा..." ती उठली.

"आजी, बसा. भाषा सांभाळा, नाहीतर बाहेर जावं लागेल."

"भाषा मी सांभाळू? आन् त्यानं हात..."

"आई." मंजुषा उभी राहिली होती. "खाली बसा. हे मी सांगते."

लग्नाला सहा वर्षं झाली, एवढ्या काळात तिनं सासूला कधी बसा म्हटलं नव्हतं. शकुबाई बसली. तोंड मिटून बसली, आणि ते मिटलेलं ठेवायला तिला दोन्ही हातांनी खुर्चीचे दांडे घट्ट धरावे लागले.

"मॅडम, त्या दिवशी आईंनी माझं ऐकलं नाही," मंजुषा म्हणाली. "त्याचं मला वाईट वाटलं, अजून वाटतं. ते आमच्या घरातलं आहे, आम्ही बघू. पण ओटी आत्ता भरली. सरांचा हात माझ्या पट्ट्यावर त्याच्या किती आधीपासून होता. सासूनं पाटावर बसवलं म्हणून सरांचा हात माझ्या छातीवर गेला का? सासू बोलते म्हणून मितेशला पाइप वाळवायला पाठवलं का? मला फोनच्या खोलीत सासूनं बसवलंय का?"

बाहेरच्या संस्थेची म्हातारी बाई प्रथमच बोलली. "हा प्रश्न मुळात घ्यायलाच नको होता, अध्यक्षबाई. तक्रारीशी त्याचा संबंध काय?"

अध्यक्षबाई पाणी प्यायल्या. त्या वाईट नव्हत्या. पण त्यांचा पगारही तोच संघ देत होता जो साहेबाला देत होता, आणि हे खोलीतल्या प्रत्येकाला माहीत होतं. त्यांनी म्हातारीशी, मग लॅपटॉपवाल्याशी हळू आवाजात काहीतरी बोलून घेतलं. मग सांगितलं. समेट झाला असं समिती मानत नाही. चौकशी चालू राहील. तोवर मंजुषाच्या कामाचा वार्षिक अहवाल साहेबानं लिहायचा नाही, दुसरा अधिकारी लिहील. पट्टे तपासायलाही साहेबानं जायचं नाही.

"आणि बंबावर?" मंजुषानं विचारलं. "मला परत बंबावर कधी घेणार?"

"तशी शिफारस आम्ही व्यवस्थापनाला करू. ते योग्य वेळी निर्णय घेतील."

"मितेशचं?"

"तो तक्रारदार नाही. त्याचा विषय या अर्जात येत नाही."

शकुबाईच्या ओठावर आलं होतं, योग्य वेळ म्हंजे कुठली, पंचांगात बघायची का. पण तिनं सुनेकडं पाहिलं, आणि मंजुषानं नको अशी मान किंचित हलवली. शकुबाईनं तेही गिळलं. एका दिवसात एवढं गिळायची तिची सवय नव्हती.

खाली चहाच्या टपरीशी अरुणाताई उभ्या होत्या. सगळं ऐकून म्हणाल्या, "चांगलं झालं."

"ह्याला चांगलं म्हणायचं?" शकुबाईचा बांध फुटला. "पोरगी तिथंच, फोनच्या खोलीत. त्यो वर एसीत. त्या मितेशनं खरं सांगितलं त्याला पाइप वाळवायची शिक्षा, आन् त्याचं इचारलं तर म्हंत्यात हे ह्या अर्जात न्हाई. मग कुठल्या अर्जात हाय? खरं बोलणाऱ्याला राखायचं कायद्यात कुठं लिवलंय ते दावा मला."

अरुणाताईंनी चहाचा घोट घेतला. "साक्षीदाराबद्दल तसं उघड शब्दांत फारसं नाही, मावशी. वेगळा अर्ज करावा लागेल. म्हणावं लागेल की साक्ष दिली म्हणूनच बदली केली. ते सिद्ध करावं लागेल."

"आन् ते कोण करणार? पुन्हा मितेशच?"

"आणि मंजुषा."

"मंजुषाच. सगळं मंजुषानंच." शकुबाईनं चहाचा कागदी पेला चुरगळला, त्यात अजून चहा होता, तो तिच्या नऊवारीवर सांडला. "ज्याला लागलंय त्यानंच दाखवायचं कुठं लागलंय, कसं लागलंय, किती दिस लागलंय. आन् लावणारा इस्त्री करून बसलाय. असला कसला कायदा?"

"कायदा आहे म्हणून तरी आज तक्रार बंद झाली नाही," अरुणाताई म्हणाल्या. पण त्यांच्या आवाजातही फार जोर नव्हता. त्यांना दुसरीकडं जायचं होतं, त्या रिक्षात बसून गेल्या.

मंजुषाची ड्युटी दुपारची होती. स्टेशन तिथून जवळ, चालत जाण्यासारखं. तिनं पिशवीतून गणवेशाचा शर्ट काढून ड्रेसवरच चढवला आणि बटणं लावायला लागली. शकुबाई साडीवरचा डाग ओल्या रुमालानं चोळत होती, डाग आणखी पसरत होता.

"बायजाबाईला आज ना उद्या कळंलच," ती साडीकडं बघत म्हणाली. "दारात यील माझ्या. आता तिचा दिवस."

"येऊ दे."

"तुला काय जातंय येऊ दे म्हणायला?"

मंजुषा बटण लावता लावता थांबली. "आई, मला आज तिथं जाऊन परत फोनपुढं बसायचंय. सगळ्यांना कळलेलं असणार. कुणी बोलणार नाही माझ्याशी, जेवायलासुद्धा एकटीच. मला काय जातंय ते विचारू नका."

शकुबाईनं चोळणं थांबवलं. सुनेला लागेल असं तिनं काही म्हटलं नव्हतं, आणि तरी लागलं होतं. तिला सांगायचं होतं की मी तिथं येऊन बसते तुझ्याजवळ, बघते कोण बोलत नाही ते. पण तो मूर्खपणा झाला असता, एवढं तिलाही कळत होतं.

"पुढची तारीख काय दिली?" तिनं विचारलं.

"पुढल्या महिन्यात. मितेशची उलटतपासणी आहे."

"म्हंजे त्या पोराला बी असंच उभं करून..."

"हो."

"त्याची आई यील का त्याच्यासंगं?"

"सुमित्राबाई? त्या घाबरल्यात. म्हणतात नोकरी जाईल पोराची."

"मी जाते दिघ्याला. बोलते तिच्याशी."

मंजुषानं तिच्याकडं नीट पाहिलं.

"बोलत न्हाई," शकुबाई घाईनं म्हणाली. "बसते नुसती. ती काय म्हंती ते ऐकते. मग तुला येऊन सांगते. चालंल का? का नको जाऊ?"

मंजुषानं वरचं बटण लावलं, ओढणी घडी करून पिशवीत टाकली.

"जा," ती म्हणाली. "पण आधी मितेशला फोन करून विचारते. त्याला चालणार असेल तर जा."

आणि ती स्टेशनच्या रस्त्याला लागली. शकुबाई टपरीच्या बाकावर तशीच बसून राहिली. विचारून सांगते म्हणाली ना, मग सांगेपर्यंत बसायचं. चहावाल्यानं अजून एक चहा देऊ का म्हणून विचारलं, तर ती त्याच्यावरच डाफरली, "असला फुळकवणी चहा पाजतोस, वर पुन्हा इचारतोस?"